आवाज नेमका कुठे अडतो?

आज मी तुम्हाला एका छोट्या वाक्याचा इतिहास सांगणार आहे. हे वाक्य कुणा थोर पुरुषाचे नाही, एका यंत्राचे आहे. टेबलावरच्या स्मार्ट स्पीकरला आपण सांगतो, ‘अमुक स्टेशन लाव’. एरवी तो निमूटपणे लावतो. पण एखाद्या सकाळी त्याच्याकडून अत्यंत नम्र आवाजात उत्तर येते, की काहीतरी अडचण आली आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. अडचण कसली, कुठली, कोणाच्या दारची, याबद्दल चकार शब्द नाही.

ज्यांनी घरातले दिवे, पंखे, पडदे आणि स्पीकर एकाच यंत्रणेला जोडले आहेत, म्हणजे ज्याला होम ऑटोमेशन म्हणतात ते ज्यांच्या घरी आहे, त्यांना याहून अवघड मजकूर वाचावा लागतो. अशा यंत्रणेत एक नोंदवही असते, तिला ‘लॉग’ म्हणतात. तीत इशाऱ्यांच्या ओळी उमटत राहतात. प्रवाह उघडता आला नाही. पलीकडचे उत्तर समजले नाही. प्रमाणपत्र ग्राह्य नाही. यंत्राची ओळख पटली नाही. वाचणारा गोंधळतो आणि आपल्याला ठाऊक असलेला एकमेव उपाय करतो. प्लग काढायचा, दहा आकडे मोजायचे, पुन्हा लावायचा. पुष्कळदा हा उपाय लागू पडतो, काही वेळा पडत नाही. आणि २०२५ साली तर अशी वेळ आली, की याच उपायाची पुढची पायरी ज्यांनी गाठली त्यांचेच हाल अधिक झाले. ती हकीगत ओघात येईलच.

माझे म्हणणे इतकेच, की यातला प्रत्येक इशारा कुठल्या तरी वर्षी झालेल्या एखाद्या कराराशी बांधलेला आहे. ध्वनी कसा तोडायचा, किती साठवायचा, कोणी कोणावर विश्वास ठेवायचा आणि किती दिवस ठेवायचा, याचे हे करार आहेत. ते कधी आणि कशासाठी झाले हे माहीत असले, की इशारा वाचता येतो. मग उपायही जागच्या जागी सापडतो.

आधी जुन्या रेडिओची आठवण काढू. व्हॉल्व्हच्या अनेक संचांवर एक हिरवा डोळा असे. स्टेशन नीट लागले, की त्या डोळ्यातली सावली मिटत येई. ही नळी अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९३५मध्ये बाजारात आणली. श्रोत्याला दिसणारा तो बहुधा सर्वांत देखणा इशारा असेल. बाकी साऱ्या तक्रारी रेडिओ आवाजातूनच सांगे. कडकड झाली, की आकाशात वीज चमकली असे समजायचे. सलग खरखर आली, तर शेजारी कुणाकडे मोटार किंवा मिक्सर चालू आहे. आवाज लाटेसारखा खाली-वर झाला, तर स्टेशन लांबचे आणि लघुलहरींचे. काहीच ऐकू आले नाही, तर गच्चीवर जाऊन एरियलची तार पाहायची. केंद्र आणि संच यांच्यामध्ये फक्त आकाश होते. संच कुणाला ओळख विचारत नसे. परवान्याचे पैसे पोस्टात भरावे लागत हे खरे, पण ते भरले नाहीत म्हणून रेडिओ मुका होत नसे.

या आकाशाच्या जागी संगणकांचे जाळे आले. त्याची सुरुवात आपल्याला वाटते त्याच्या पुष्कळ आधीची, १९७४ सालची आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ‘अर्पानेट’ या जाळ्यावर तेव्हा संगणक एकमेकांना मजकूर पाठवत. डॅनी कोहेन हे कॅलिफोर्नियातील इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधले संशोधक. याच जाळ्यावरून माणसाचे बोलणे पाठवता येईल का, असा प्रश्न त्यांनी घेतला. ऑगस्ट १९७४मध्ये त्यांची संस्था आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्यात असे बोलणे झाले.

अडचण कुठे होती ते समजून घेण्यासारखे आहे. हे जाळे कोणतीही गोष्ट सलग पाठवत नाही. ती तोडून छोटी पाकिटे करते, प्रत्येकावर पत्ता घालते आणि पाठवून देते. एखादे पाकीट हरवले, तर पलीकडून मागणी येते आणि ते पुन्हा पाठवले जाते. मजकुरासाठी ही उत्तम सोय. पत्रातला एकही शब्द गळता कामा नये, मग पत्र दोन सेकंद उशिरा पोहोचले तरी चालेल. बोलण्याचे उलट आहे. हरवलेल्या एका अक्षरासाठी पुढचे सारे बोलणे खोळंबले, तर संवादच संपतो. त्यापेक्षा एखादे अक्षर गळालेले बरे, कान ते जुळवून घेतो. उशिरा आलेला आवाज हा न आलेल्या आवाजापेक्षा वाईट, ही कोहेन यांची भूमिका होती.

हा वाद तिथेच राहिला नाही. १९७८मध्ये जाळ्याच्या मूळ नियमांचीच फाळणी झाली. पाकीट नेण्याचे काम वेगळे केले, त्याला आयपी म्हणतात. पोहोच घेऊन, हरवलेले परत मागवून, क्रम लावून देण्याचे काम वेगळे, ते टीसीपी. आणि ज्यांना पोहोच नको, वेग हवा, त्यांच्यासाठी १९८०मध्ये यूडीपी नावाची तिसरी वाट लेखी स्वरूपात आली. पूर्वीच्या पोस्टाच्या भाषेत बोलायचे, तर एक रजिस्टर पत्र आणि एक साधे पोस्टकार्ड. आज इंटरनेटवरून फोनवर बोलतो तेव्हा आवाज बहुधा पोस्टकार्डाने जातो. स्मार्ट स्पीकरवर रेडिओ किंवा गाणे ऐकतो तेव्हा तो बहुतेक वेळा रजिस्टर पत्राने येतो. म्हणून फोनवर शब्द गळतात आणि स्पीकरवर गाणे थबकते. दोन्ही दोषांचे मूळ एकच, पाकिटे हरवणे. फरक पडतो तो कोणता करार निवडला त्याने.

रजिस्टर पत्राने आवाज आणायचा, तर खोळंब्यावर काहीतरी इलाज हवा. तो इलाज सर्वसामान्यांच्या घरात पोहोचला १९९५मध्ये. त्याआधी १९९३मध्ये कार्ल मालामुद यांनी ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ सुरू केला होता, पण त्याचे कार्यक्रम म्हणजे फायली. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाची फाईल सुमारे १५ मेगाबाइटची होई. घरच्या १४.४ किलोबिट वेगाच्या मोडेमवर ती उतरवायला दोन तासांहून अधिक वेळ लागला असता, आणि तोवर ऐकायला काहीच नाही. एप्रिल १९९५मध्ये सिएटलच्या रॉब ग्लेझर यांच्या कंपनीने ‘रिअल ऑडिओ’ आणले. फाईल पूर्ण येण्याची वाट न पाहता, येत असतानाच ती वाजवायची, ही त्यातली युक्ती. ५ सप्टेंबर १९९५ रोजी सिएटल मरिनर्स आणि न्यू यॉर्क यांकीज यांच्या बेसबॉल सामन्याचे धावते वर्णन त्यावरून थेट ऐकवले गेले. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेही त्याच वर्षी, १५ ऑगस्टला.

याच काळात ‘बफरिंग’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. बफर म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळे शिकवावे लागत नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी म्हणजे बफर. नळाला पाणी कधी जोरात येते, कधी करंगळीएवढे, कधी येतच नाही. टाकीत साठा असला, की स्वयंपाकघरातला नळ मात्र एका धारेने वाहतो. यंत्र तेच करते. पहिले काही सेकंद गप्प राहून टाकी भरून घेते आणि मग वाजवू लागते. बाहेरचा पुरवठा मधेच मंदावला तरी साठ्यावर निभावते. साठा संपला, की आवाज थांबतो आणि नोंदवहीत इशारा पडतो, की बफर रिकामा झाला.

या टाकीची खोली तुम्हाला घरबसल्या मोजता येते. साधा ट्रान्झिस्टर आणि स्मार्ट स्पीकर शेजारी ठेवा आणि दोन्हींवर एकच केंद्र लावा. ट्रान्झिस्टरवर निवेदकाचे वाक्य संपते, तरी स्पीकरवर ते सुरूही झालेले नसते. बीबीसीने ५ फेब्रुवारी १९२४पासून रेडिओवर वेळेचे टोले द्यायला सुरुवात केली, लोक त्यावर घड्याळे लावत. स्पीकरवरून येणाऱ्या टोल्यांवर आता घड्याळ लावण्यात अर्थ नाही. मधले सेकंद म्हणजे वाटेतल्या साऱ्या टाक्यांची बेरीज असते.

यातून दुरुस्तीचा पहिला धडा मिळतो. आवाज सुरू होऊन मधेच थांबत असेल, तर पुरवठा कमी पडतो आहे. अशा वेळी घरातले वाय-फाय पाहावे. स्पीकर आणि राउटर यांच्यामध्ये किती भिंती आहेत, लोखंडी कपाट आड आले आहे का, मायक्रोवेव्ह भट्टी चालू असतानाच आवाज अडतो का, हे बघावे. ती भट्टी आणि बरेचसे वाय-फाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. पण आवाज मुळीच सुरू होत नसेल, तर टाकीला दोष देऊन उपयोग नाही. तेव्हा करार कुठेतरी दुसरीकडे मोडला आहे.

असा एक करार १९९८-९९च्या सुमारास झाला. एमपी३ या प्रकाराने तोवर गाण्यांची फाईल लहान केली होती आणि ‘विनॅम्प’ हे वाजवण्याचे साधन जगभर पसरले होते. विनॅम्प काढणाऱ्या नलसॉफ्ट या छोट्या कंपनीने ‘शाउटकास्ट’ आणले. घरातला संगणक आणि बऱ्यापैकी जोडणी असली, की कोणीही स्वतःचे रेडिओ केंद्र चालवू शकेल, अशी ती सोय. परदेशात राहून आपल्या भाषेची गाणी लावणाऱ्या हौशी केंद्रांची लाट याच साधनांनी आली. आता गंमत बघा. वेबवर कोणी काही मागितले, की पलीकडचा संगणक आधी ‘एचटीटीपी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ पाठवतो, की मागणी पोहोचली, सारे ठीक आहे. शाउटकास्टच्या मंडळींनी त्या जागी स्वतःची तीन अक्षरे घातली, ‘आयसीवाय’. त्यांच्या या साधनाचे आधीचे नाव ‘आय कॅन येल’, म्हणजे ‘मला ओरडता येते’, असे होते आणि त्याची ही खूण, असे सांगतात.

त्या काळच्या वाजवणाऱ्या साधनांना ही खोडी माहीत होती, ती चालवून घेत. पंधरा-वीस वर्षांनी लिहिलेली कडक शिस्तीची साधने मात्र ही तीन अक्षरे पाहून थबकतात. उत्तराची पहिलीच ओळ चुकीची आहे, असा इशारा नोंदवहीत टाकतात आणि दार लावून घेतात. केंद्र चालू असते, इंटरनेट उत्तम असते, स्पीकर ठणठणीत असतो. अडते ते नव्वदीच्या दशकातल्या एका लहरी नमस्कारापाशी. यावर उपाय म्हणजे त्याच केंद्राचा नव्या पद्धतीचा पत्ता शोधणे, किंवा मधे एखादे साधन बसवून त्याच्याकडून नमस्कार बदलून घेणे. स्पीकरचा प्लग दहा वेळा काढून यात फरक पडत नाही.

आता खुद्द स्मार्ट स्पीकरकडे येऊ. ॲमेझॉनचा एको नोव्हेंबर २०१४मध्ये अमेरिकेत आला आणि २०१७मध्ये भारतात. गूगल होम २०१६मध्ये आला, आपल्याकडे २०१८मध्ये. २०१९मध्ये आकाशवाणीनेही आपले प्रवाह ॲमेझॉनच्या ॲलेक्सावर उपलब्ध केले. त्याच दशकात घर स्वतःच्या हाताने स्वयंचलित करणाऱ्यांचीही मोठी चळवळ उभी राहिली. २०१२मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक विक्रीला आला आणि २०१३मध्ये पाउलस स्काउट्सन यांनी ‘होम असिस्टंट’ या मुक्त प्रणालीची सुरुवात केली. या छोट्या संगणकाने सांगायचे आणि स्पीकरने वाजवायचे, अशी जोडी अनेक घरांत जमली.

या जोडीत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याला वाटते, की फोन किंवा छोटा संगणक गाणे स्पीकरकडे पाठवतो. पुष्कळ पद्धतींत तसे होत नाही. तो स्पीकरला फक्त पत्त्याची चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी घेऊन स्पीकर स्वतः बाजारात जातो आणि गाणे आणतो. म्हणजे पत्ता देणाऱ्याला ठाऊक असून भागत नाही, स्पीकरलाही तो सापडावा लागतो.

आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षक राहतात. पहाटे साडेपाचला दिवा मंद लागावा, पडदा सरकावा आणि अभंग सुरू व्हावा, अशी त्यांनी घरच्या घरी योजना केली होती. अभंगाचे ध्वनिमुद्रण त्यांच्याच छोट्या संगणकात ठेवलेले. एके दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाले, “अहो, दिवा लागतो, पडदा सरकतो, मोबाइलवर अभंगही वाजतो. मग स्पीकरच तेवढा का रुसतो?” मी म्हटले, “सर, नोंदवही दाखवा.” तिथे ओळ होती, की दिलेल्या पत्त्यावरून ध्वनी आणता आला नाही. पत्ता पाहिला, तर त्याच्या शेवटी ‘लोकल’ हा शब्द.

हा शब्द म्हणजे २००२ सालातला करार. घरातल्या यंत्रांनी कुणा मध्यस्थाविना एकमेकांना नावाने हाक मारावी, म्हणून ॲपलने आपल्या संगणकांत ही सोय आणली आणि पुढे ती सर्वमान्य झाली. वाड्यात ‘अरे बंडू’ म्हटले, की बंडू ‘ओ’ देतो, तसेच. सरांचा मोबाइल वाड्यातला, त्याला बंडू कोण ते कळते. पण काही स्पीकर वाड्यात चौकशी करतच नाहीत. ते आपल्या कंपनीने नेमून दिलेल्या, दूर कुठेतरी असलेल्या सार्वजनिक नामसूचीकडेच विचारणा करतात. त्या सूचीत सरांचा बंडू कुठून असणार? आम्ही नाव काढून तिथे घरच्या जाळ्यातला आकड्यांचा पत्ता घातला, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट असा सुरू होणारा. तो पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये राखून ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून अभंग ऐकू आला. सर खूश. त्यांच्या सौभाग्यवतींचे मत मी विचारले नाही.

आता सर्वांत नाजूक कराराकडे वळतो, तो विश्वासाचा. १९९५च्या सुमारास नेटस्केप कंपनीने वेबवरचे बोलणे कुलूपबंद करण्याची पद्धत आणली. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असे दिसते, ती हीच. पलीकडचा संगणक आपले प्रमाणपत्र दाखवतो. ते देणाऱ्या संस्थेचे नाव आपल्या यंत्राच्या ओळखीच्या यादीत असेल, तरच बोलणे सुरू होते. हेतू चांगलाच होता आणि आहे. वाटेत कुणी आवाज बदलू नये, चोरून ऐकू नये. म्हणूनच काही स्पीकर कुलूपबंद नसलेला प्रवाह घेतच नाहीत, आणि घरच्या घरी बनवलेले प्रमाणपत्रही त्यांना चालत नाही. वर्षानुवर्षे साध्या पत्त्यावर चालणारी छोटी केंद्रे अशा स्पीकरवर लागत नाहीत, त्याचे कारण हे.

प्रमाणपत्राला मुदत असते. २०१५च्या डिसेंबरमध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवाभावी उपक्रमाने अवघ्या ९० दिवसांची प्रमाणपत्रे सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली आणि असंख्य छोट्या संकेतस्थळांची सोय झाली. पण ही प्रमाणपत्रे जुन्या यंत्रांना ज्या मूळ दाखल्यामुळे ओळखीची वाटत, त्याचीच मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. ज्यांची ओळखीची यादी अद्ययावत झाली होती, त्यांना काही जाणवले नाही. ज्यांच्या निर्मात्यांनी यादी पाठवणे केव्हाच सोडून दिले होते, अशी जुनी साधने त्या दिवसापासून भल्या संकेतस्थळांनाही परके मानू लागली.

मुदत तपासायची तर घड्याळ हवे. इथे आपल्याकडच्या वीजपुरवठ्याचा संबंध येतो. अशा छोट्या यंत्रांपैकी अनेकांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली, की काही यंत्रे बंद पडल्या क्षणाच्या वेळेवरच अडकून राहतात. काही थेट १ जानेवारी १९७०पासून मोजायला लागतात, कारण युनिक्स पद्धतीचे संगणक त्या दिवसापासून काळ मोजतात. खरी वेळ त्यांना इंटरनेटवरून मिळते. त्यासाठी डेव्हिड मिल्स यांनी १९८५मध्ये आखलेली पद्धत अजूनही जग वापरते. पण वीज परतल्यावर राउटरला जागे व्हायला एक-दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्यात छोटे यंत्र जागे होऊन बसते. १९७० सालात उठलेल्या यंत्राला आजचे प्रमाणपत्र भविष्यातले वाटते. तो इशारा देतो, की प्रमाणपत्र अजून लागू झालेले नाही. म्हणून वीज गेल्यानंतर आधी राउटर, मग दोन मिनिटांनी छोटा संगणक आणि शेवटी स्पीकर, हा क्रम पाळावा. इथे प्लग काढण्याचा उपाय खरोखर गुणकारी आहे, फक्त तो क्रमाने करायचा.

काही वेळा मात्र श्रोत्याने करण्यासारखे काहीच उरत नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये बीबीसीने विंडोज मीडिया पद्धतीचे जुने प्रवाह बंद केले आणि नव्या पद्धतीवर जोर दिला. आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून त्यांची यादी देण्याची ही पद्धत. तिचा एक प्रमुख प्रकार ॲपलने २००९मध्ये आणला होता. संस्थेच्या दृष्टीने ते योग्य होते. जुन्या अनेक पद्धती एकाच वेळी सांभाळणे खर्चाचे असते. पण ज्यांनी चांगले पैसे मोजून इंटरनेट रेडिओचे संच घेतले होते आणि ज्यांना जुनीच भाषा येत होती, त्यांच्या घरात आवडीचे केंद्र गप्प झाले. २०२३मध्ये शाउटकास्ट पद्धतीचे प्रवाहही बीबीसीने बंद केले, तेव्हा आणखी काही संच त्या रांगेत गेले.

आणि आता ती २०२५ची हकीगत. २०१५मध्ये गूगलने ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ नावाची एक छोटी चकती आणली होती. घरातल्या जुन्या स्टिरिओला ती जोडली, की इंटरनेटवरचे संगीत त्यावर वाजे. जुन्या, उत्तम स्पीकरांना नवे आयुष्य देणारी ही स्वस्त चकती अनेकांची लाडकी झाली. २०१९च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले, तरी लोक ती वापरत राहिले. ९ मार्च २०२५ रोजी, रविवारी, जगभरातल्या या चकत्या आणि त्याच पिढीतले टीव्हीला लावायचे क्रोमकास्ट एकाएकी काम करेनासे झाले. फोनवर इशारा येई, की हे साधन विश्वासार्ह नाही, त्याची ओळख पटवता आली नाही, कदाचित त्यातली प्रणाली जुनी झाली असेल. प्रत्यक्षात चकतीत काहीही बिघडले नव्हते. ती खरी आहे हे पटवणाऱ्या साखळीतले एक प्रमाणपत्र दहा वर्षांच्या मुदतीचे होते, आणि ती मुदत त्या दिवशी भरली.

इशाऱ्याचा शब्दार्थ घेऊन अनेकांनी पुढची पायरी गाठली. सारे पुसून चकती कारखान्यातून आली तशी केली. पण नव्याने जोडणी करताना तीच ओळख पुन्हा पटवावी लागते, आणि ती तर पटत नव्हती. म्हणजे घरात शिरण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. गूगलला लोकांना कळवावे लागले, की कृपा करून साधन पुसू नका. चार-पाच दिवसांत दुरुस्ती पोहोचू लागली. ज्यांनी हात लावला नव्हता त्यांच्या चकत्या आपोआप बोलू लागल्या. ज्यांनी पुसल्या होत्या त्यांना आणखी काही दिवस थांबावे लागले.

या घटनेतून मी दोन गोष्टी घेतो. पहिली व्यवहाराची. स्पीकरने इशारा दिला, की चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत. आवाज सुरू होऊन थांबतो, की सुरूच होत नाही? सुरू होत नसेल, तर एकच केंद्र अडते, की सगळीच? एकच असेल, तर दोष बहुधा त्या केंद्राच्या पत्त्यात किंवा पद्धतीत आहे. सगळीच अडत असतील, तर आपल्याच घरात, की इतरांच्याही? आणि चौथा प्रश्न, आज यंत्राच्या घड्याळात तारीख कोणती आहे? या चार उत्तरांपूर्वी काहीही पुसू नये. विशेषतः एकाच दिवशी अनेक घरांतली सारखी यंत्रे रुसली असतील, तर दोष आपल्या घरात नाही हे ओळखून गप्प बसणे हाच उपाय आहे. आपल्याकडे वडीलधारी माणसे अशा वेळी ‘आपल्याच हातून काही बिघडले’ म्हणून ओशाळतात. त्यांना सांगा, की तुमच्या हातून काही झालेले नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पन्नास वर्षांपूर्वीचा रेडिओ माळ्यावरून काढला आणि केंद्र चालू असले, की तो आजही बोलतो. फार तर एखादा भाग बदलावा लागतो, तोही शहराच्या जुन्या बाजारात मिळतो. आजचा स्पीकर त्याहून कितीतरी हुशार आहे. तो हजारो केंद्रे लावतो, हाक ऐकतो, दिवे लावतो. पण त्याचे बोलणे तारखेने बांधलेले आहे, आणि ती तारीख खोक्यावर छापलेली नसते. औषधाच्या बाटलीवर मुदत पाहूनच आपण पैसे देतो. घरात बोलणाऱ्या यंत्राच्या बाबतीत तोच प्रश्न दुकानदाराला विचारायला काय हरकत आहे? याची प्रणाली किती वर्षे अद्ययावत ठेवणार, कंपनीची सेवा बंद झाली तर हे साध्या तारेने तरी वाजेल का, एवढेच विचारायचे. उत्तर आले नाही, तर तेही एक उत्तरच असते.

डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७४मध्ये चिंता होती ती पाकीट उशिरा पोहोचण्याची. पाकिटे आता वेळेवर पोहोचतात. अडतो तो विश्वास, आणि तो कोणाच्या हाती ठेवायचा हे घरात यंत्र आणताना आपणच ठरवत असतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)